दोन भाकरींवर बावीस टन हवा

पिपरी मेघेहून सायकल काढायची, वर्धा शहर पार करायचं आणि हिंगणघाटची वाट धरायची. अंतर चाळीसेक किलोमीटर. वाटेत घाट नाही, धाप लागेल असा चढ नाही. दोन्ही अंगांना तूर, पऱ्हाटी, सोयाबीन, मधूनच एखादा नाला. ताशी वीसच्या बेतानं चालवली तर दोन तासांचं काम. पण हिंगणघाटला उतरून सायकल स्टँडवर लावेपर्यंत तुम्ही निव्वळ अंगानं २२ टन हवा बाजूला सारलेली असते.

हा आकडा कोणालाही घरी बसून काढता येतो. ताठ बसून सायकल चालवणारा माणूस समोरून पाहिला तर साधारण अर्धा चौरस मीटर जागा अडवतो. एक किलोमीटर पुढे जाताना तो हवेत अर्धा चौरस मीटर तोंडाचा आणि हजार मीटर लांबीचा बोगदा खोदतो. त्या बोगद्यात ५०० घनमीटर हवा मावते. वर्ध्याच्या उंचीवर आणि इथल्या उष्णतेत घनमीटरभर हवा १.१३ किलोच्या आसपास भरते. म्हणजे दर किलोमीटरला साडेपाचशे किलोंहून जास्त हवा फाडून पुढे जायचं. चाळीस किलोमीटरला २२ टन.

सपाट मुलखात सायकल चालवणं सोपं, असं डोंगराळ भागातली माणसं म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात चढ असतो. चढ कठीण खराच, पण चढावर घातलेलं बळ वाया जात नाही. ते उंचीच्या रूपानं जमा होतं आणि उतारावर परत मिळतं. कसारा घाट चढून गेलेल्याला तो उतरायलाही मिळतो. आमच्याकडे गुरुत्वाकर्षण काही घेत नाही, तसं काही देतही नाही. पायडल थांबलं की सायकल थांबण्याच्या वाटेला लागते. वर्धा ते हिंगणघाट प्रत्येक मीटर पायांनी कमवावा लागतो आणि त्या कमाईतला मोठा हिस्सा हवा घेऊन जाते. ती परत काही देत नाही.

हवेचा वाटा वेगाबरोबर कसा वाढतो, ते पाहण्यासारखं आहे. ताशी २० च्या वेगाला हवेसाठी पन्नासेक वॅट पुरतात. ताशी ३० ला तेच १६० वॅटच्या पुढे जातं. वेग दीडपट, बळ सव्वातीनपटीहून अधिक. ताशी ४० गाठायचे तर पावणेचारशेच्या वर. वेग दुप्पट केला की हवा आठपट बळ मागते. वारा समोरून आला तर आपला वेग न वाढताही हीच शिक्षा. ताशी दहा किलोमीटरची झुळूक, जिला बसल्या जागी आपण वाराही म्हणणार नाही, ती तोंडावर आली की ताशी वीसच्या सायकलस्वाराचं हवेसाठीचं काम दुपटीहून अधिक होतं.

याच्या उलट जमिनीचा उतार पाहा. पवनारला वाहणारी धाम पुढे वेणेला मिळते, वेणा वर्धा नदीला. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत उतरते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. पवनारचं पाणी समुद्राला मिळायला सातआठशे किलोमीटर जातं आणि तेवढ्या प्रवासात ते उतरतं अडीचशे मीटरच्या आसपास. सरासरी काढली तर ढोबळमानानं किलोमीटरला एक फूट. एवढ्या उतारावर सायकलस्वाराला मिळणारी मदत पंचवीस ग्रॅम वजनाच्या ओढीइतकी असते. मघाची झुळूक याच्या चाळीसपटीहून अधिक जोरानं मागे ढकलते. नदीला समुद्रापर्यंत नेणारा उतार सायकलवर बसलेल्या माणसाला जाणवतसुद्धा नाही. पाण्याला मात्र तो कळतो. तेवढ्याच फूटभर उताराच्या भरवशावर पवनारचा पावसाळा अर्धा देश ओलांडून जातो.

वर्धा नदीचं उगमस्थान तर मला नकाशावर दरवेळी थांबवतं. मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात, मुलताईच्या परिसरात ती सातपुड्यातून निघते. त्याच मुलताईत तापीही उगम पावते. तापी पश्चिमेला वळते आणि ७२४ किलोमीटर जाऊन सुरतेपाशी अरबी समुद्राला मिळते. वर्धा दक्षिणेला येते आणि तिचं पाणी शेवटी पूर्वेच्या समुद्रात. एकाच टापूत पडलेल्या पावसाचे दोन थेंब, एक इकडच्या उतारावर आणि एक तिकडच्या, भारताच्या दोन किनाऱ्यांना जाऊन लागतात.

हा मुलूख असा पसरट का, याचं उत्तर पायाखाली आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा वर आला आणि थरावर थर पसरत गेला. पातळ लाव्हा पाण्यासारखा सखल जागा भरत जातो आणि थिजतो तेव्हा त्याचा माथा सपाट राहतो. असे कितीतरी थर एकमेकांवर बसले. झीज होऊन आज जे उरलंय तेच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरतं. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३ लाख ७ हजारांच्या थोडं वर आहे, म्हणजे अख्खा महाराष्ट्र आणि वर त्याच्या निम्म्याहून अधिक. त्याच काळ्या दगडाची माती होत होत आपली कपाशीची काळी जमीन तयार झाली. ती किती चिवट आहे, हे पावसाळ्यात पांदण रस्त्यानं सायकल नेलेल्याला विचारा. शंभर-दोनशे पावलांत मातीचा थर टायरवर चढतो, मडगार्डच्या आत ठासून बसतो आणि चाक फिरायचंच थांबतं. मग काडीनं माती उकरून काढायची, परत दहा पावलं. पुढे नाद सोडून सायकल खांद्यावर. सहा कोटी वर्षांचा दगड असा सायकलवर स्वार होतो आणि सायकल माणसावर.

पण या सपाटीतच एक फसगत आहे, आणि ती ओळखणारा माणूस याच हिंगणघाटात मातीआड झाला.

सीटवर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे पावणेदोन मीटर उंच असतात. तिथून क्षितिज पावणेपाच किलोमीटरच्या आतच संपतं. झाडं, घरं, धुकं सगळं बाजूला काढलं तरी त्यापलीकडची जमीन दिसणार नाही, कारण ती वळून खाली गेलेली असते. वर्धा ते हिंगणघाट सरळ रेषेत तीसेक किलोमीटर आहे. वर्ध्याच्या जमिनीला टेकवून एक आडवी सरळ काठी हिंगणघाटपर्यंत लांबवली, तर हिंगणघाटची जमीन तिच्या ७० मीटर खाली सापडेल. आणि दोन्ही गावांच्या मध्ये ताणून दोरी बांधायची म्हटलं, तर ती बोगद्यातून न्यावी लागेल, कारण मधल्या जागी पृथ्वीचा फुगवटा १८ मीटरचा आहे. सहा मजली इमारतीएवढा हा चढ आणि तेवढाच उतार आपण दोन तासांत पार करतो. पायांना तो कळत नाही, कारण प्रत्येक ठिकाणी पृथ्वीचा मध्य सरळ पायाखालीच असतो.

हे वळण नेमकं किती, ते मोजायला तो माणूस, सर्वेक्षक विल्यम लॅम्ब्टन, निघाला होता. १० एप्रिल १८०२ रोजी त्यानं मद्रासजवळ पहिली रेघ मोजायला घेतली. साडेसात मैलांची, म्हणजे बारा किलोमीटरांहून थोडी मोठी रेघ. साधन होतं १०० फुटांची पोलादी साखळी. तिला अडीच-अडीच फुटांच्या ४० कड्या. ती जमिनीवर नुसती टाकून चालत नसे. तिवईवर लाकडी पेट्या मांडायच्या, त्या एका पातळीत आणायच्या, त्यांत साखळी ताणून ठेवायची, शेजारी उष्णतामापक लावायचे, कारण ऊन चढलं की पोलाद लांबतं आणि तेवढा फरक हिशेबातून वजा करावा लागतो. मग खूण करायची, साखळी उचलायची आणि पुढच्या शंभर फुटांना लागायचं. अशी ती चारशे वेळा मांडली आणि त्याला ५७ दिवस लागले. दिवसाला सरासरी २१० मीटरांच्या थोडं वर.

ताशी वीसनं जाणारी सायकल तेवढं अंतर चाळीस सेकंदांत पार करते. लॅम्ब्टनचा अख्खा दिवस, भल्या सकाळपासून उन्हं कलेपर्यंत राबणारी माणसं, पेट्या, तिवया, तंबू, सगळं मिळून चाळीस सेकंद.

पहिल्या रेघेवर त्रिकोण, त्या त्रिकोणाच्या बाजूवर दुसरा त्रिकोण, असं करत तो उत्तरेकडे सरकत राहिला. कोन मोजायचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा. उचलायला बारा माणसं लागत. सपाट मुलूख या कामाला सर्वांत वाईट, कारण वर सांगितलेलं क्षितिज आड येतं. पुढे गंगेच्या मैदानात जॉर्ज एव्हरेस्टला त्यासाठी पन्नास-साठ फुटी मनोरे बांधावे लागले. लॅम्ब्टनचं वीस वर्षांचं काम मात्र नागपूरच्या वाटेवर थांबलं. २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटच्या मुक्कामी तो गेला. तेव्हा तो सत्तरीच्या घरात होता. त्याची कबर हिंगणघाटलाच आहे. काम एव्हरेस्टनं पुढे नेलं आणि दक्षिणेच्या टोकापासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत सुमारे २,४०० किलोमीटरचा कंस पूर्ण झाला. शंभर फुटांच्या साखळीपासून सुरू झालेल्या मोजमापानं पृथ्वीचा आकार सांगितला. हिंगणघाटकडे सायकलनं जाणाऱ्यानं त्या कबरीपाशी थोडं थांबावं, असं मला मनापासून वाटतं.

आता साधन पाहू. आपली जुनी काळी सायकल, वजन वीसेक किलो. पंक्चरच्या दुकानात ती उलटी उभी केली की तिचं खरं रूप कळतं. पुढच्या चाकाला ३२ तारा, मागच्याला ४०. एकूण ७२. माणसाला वाटतं की खालच्या तारा खांबासारखा भार पेलतात. तार इतकी बारीक असते की भार घालून उभी केली तर ती वाकूनच जाईल. सगळ्या तारा आधीच ताणून बसवलेल्या असतात, आणि चाक टेकतं तिथल्या तारांचा ताण तेवढा क्षणभर कमी होतो. चाक फिरलं की ती तार पुन्हा ताणली जाते आणि पुढची सैल पडते. २८ इंची चाकाचा घेर सुमारे २.२ मीटर. शंभर किलोमीटरला एक चाक पंचेचाळीस हजार वेळा फिरतं. ७२ तारांचा हिशेब धरला तर शंभर किलोमीटरमध्ये तारा ३२ लाख वेळा सैल पडतात आणि ताणल्या जातात. दुकानदार बोटानं एकेक तार छेडून, निपलला चावी लावून चाकाचा ‘आऊट’ काढतो तेव्हा तो या ३२ लाखांची तजवीज करत असतो.

माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो धरू. टायरमध्ये ६० पौंड हवा भरली असेल, तर हा सगळा भार रस्त्यावर टेकतो फक्त २० चौरस सेंटीमीटरवर, दोन्ही चाकं मिळून. काडेपेटीच्या पाठीहून जरा मोठी जागा. वर्ध्याहून हिंगणघाटला पोचेपर्यंत तुमचा पृथ्वीशी संबंध एवढाच. आणि त्या जागी रबर रस्त्यावर घसरत नाही, त्या क्षणापुरतं ते चक्क स्थिर असतं. त्याच क्षणी चाकाचा वरचा काठ सायकलच्या दुप्पट वेगानं पुढे धावत असतो. सायकल ताशी वीस, वरचा काठ ताशी चाळीस, खालचा शून्य.

पुढे ४४ दात, मागे फ्रीव्हीलला १८, अशी जोडी असेल तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.४ मीटर जाते. किलोमीटरला १८५ फेरे. हिंगणघाटपर्यंत ७,४००. प्रत्येक फेऱ्यात दोन पाय, म्हणजे जवळपास पंधरा हजार वेळा दाब.

आणि या सगळ्याला खर्च किती? ताशी वीसला हवा आणि टायरचं घर्षण मिळून साधारण ९० वॅट लागतात. अश्वशक्तीचा आठवा हिस्सा. आपले स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा चौथा भाग कामाला लावतात, उरलेल्याची उष्णता होते. त्या हिशेबानं तासाला तीनशे दहाच्या आसपास किलोकॅलरी, म्हणजे किलोमीटरला साडेपंधरा. शंभर ग्रॅमच्या आत-बाहेर पिठाची ज्वारीची एक भाकर तेवढी ऊर्जा देते. एका भाकरीवर वीस किलोमीटर. हिंगणघाटला जायला दोन भाकरी पुरतात. दोन भाकरींवर २२ टन हवा हलते, पंधरा हजार वेळा पाय दाबले जातात, सहा मजली फुगवटा पार होतो आणि माणूस चाळीस किलोमीटर दूर जाऊन पोचतो. लिटरभर पेट्रोलमध्ये साठवलेली ऊर्जा सुमारे ७,७०० किलोकॅलरी आहे. ती पायांना खाता आली असती तर सायकल एका लिटरला पावणेपाचशे किलोमीटरच्या पुढे गेली असती. चालायला याच्या तिपटीच्या आसपास ऊर्जा लागते. १९७३ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात एस. एस. विल्सन यांनी प्राणी आणि यंत्रं यांचा असाच हिशेब मांडला. तेवढ्याच वजनाला तेवढ्याच अंतरावर न्यायला सर्वांत कमी ऊर्जा घेणारा निघाला तो सायकलवरचा माणूस. घोडा, पक्षी, मोटार, विमान सगळे मागे.

अन्नातल्या ऊर्जेच्या उरलेल्या पाऊण भागाची उष्णता मात्र अंगातून बाहेर काढावी लागते आणि इथे विदर्भाचा उन्हाळा आडवा येतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणं वर्ध्याला नवं नाही. तेव्हा बाहेरची हवा त्वचेपेक्षा गरम असते, म्हणजे वारा लागला की अंग थंड होण्याऐवजी आणखी तापतं. घाम वाळणं हा एकच मार्ग उरतो. अंगातली, उन्हाची आणि हवेची उष्णता एकत्र धरली तर तासाला लिटरभर पाणी घामावाटे जातं. म्हणून इथली माणसं पहाटे निघतात आणि ऊन चढायच्या आत गाव गाठतात.

सपाट मुलूख, नद्या आणि जुनी गावं यांतून सायकल चालवायची तर जगाला फ्रान्स आठवतो. तिथल्या १,०१२ किलोमीटर लांब ल्वार नदीच्या काठानं ९०० किलोमीटरचा सायकलमार्ग आहे आणि वाटेवर शांबोरसारखे राजवाडे. शांबोरचं बांधकाम १५१९ मध्ये सुरू झालं. पिपरी मेघेहून सायकलवर तासाभराच्या आत धामेच्या काठी पवनारला पोचता येतं. इतिहासकार वा. वि. मिराशी यांनी पवनारला वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर मानलं. त्या राजाचा काळ पाचव्या शतकातला, म्हणजे शांबोरचा पहिला दगड बसायच्या हजार वर्षं आधी. रामायणातले प्रसंग कोरलेली शिल्पं इथे सापडली आहेत. काळ्या खडकांवरून वाहणारी धाम आणि वरच्या टेकाडावरचा आश्रम हे दृश्य ल्वारच्या काठाहून कमी नाही. त्या आश्रमातून निघालेल्या एका माणसाचे आकडे तर कुठल्याही राजवाड्याला झाकून टाकतील.

विनोबा भावे १९३८ साली पवनारला आले. १९५१ च्या मार्चमध्ये ते हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला पायी निघाले. तेव्हा त्यांचं वय ५५. १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूमिहीन दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली आणि गावातल्या रामचंद्र रेड्डींनी १०० एकर देऊ केली. तिथून भूदानयात्रा सुरू झाली. विनोबा पवनारला परतले ते १० एप्रिल १९६४ रोजी. तोवर ते ६८ वर्षांचे झाले होते. मधल्या काळातली चाल साधारण ५८ हजार किलोमीटर धरली जाते. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर ४०,०७५ किलोमीटर आहे. म्हणजे जवळपास दीड प्रदक्षिणा, रोजची सरासरी बारा किलोमीटर, तेरा वर्षं.

पाऊल ७० सेंटीमीटरचं धरलं तर ही ८ कोटी ३० लाख पावलं होतात. मिळालेली जमीन ४० लाख एकरांच्या वर. चाळीस लाख एकर म्हणजे १६ हजार चौरस किलोमीटरांहून जास्त. वर्धा जिल्ह्याचं क्षेत्रफळ ६,३०९ चौरस किलोमीटर, म्हणजे असे अडीच जिल्हे. आता त्या जमिनीला पावलांनी भागा. प्रत्येक पावलाला १९५ चौरस मीटर येतात. एक गुंठा १०१ चौरस मीटरांचा. म्हातारा माणूस पाऊल टाकतो आणि दर पावलाला कोणीतरी जवळजवळ दोन गुंठे जमीन काढून देतं, हे ८ कोटी ३० लाख वेळा. यातली बरीच जमीन खडकाळ किंवा वादातली निघाली, मोठा हिस्सा कधी वाटलाच गेला नाही, हे खरं आहे आणि ते सांगितलंच पाहिजे. तरीही कायद्याचा बडगा नसताना, मोबदला नसताना, नुसत्या मागण्यानं इतकी जमीन कागदावर तरी सुटली, याला तोड मला जगाच्या इतिहासात माहीत नाही.

सायकलवर लांब जाणारेही आपल्यात कमी नाहीत. १९२३ साली मुंबईहून निघालेले पारशी तरुण आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा १९२८ मध्ये परतले ते ४४ हजार मैल, म्हणजे सुमारे ७१ हजार किलोमीटर सायकल चालवून. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं २०१८ साली १५९ दिवसांत २९ हजार किलोमीटर कापले, रोजचे १८० च्या वर. आमच्या शेजारच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत १२ दिवसांच्या आत एकट्यानं पार केली. सुमारे ४,९०० किलोमीटर, दिवसाला चारशेच्या पुढे. पुढच्याच वर्षी त्यांनी मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही ९ हजार किलोमीटरहून लांब शर्यत पूर्ण केली. ‘टूर द फ्रान्स’ या सायकल शर्यतीची पहिली टूर १९०३ ची, २,४२८ किलोमीटरची. ६० जण निघाले, २१ पोचले. २०२५ ची टूर ३,३०० किलोमीटरच्या थोडी वर होती.

हे सगळे आकडे बाजूला ठेवून आता आठवीतल्या एका मुलीचा हिशेब करू. महाराष्ट्र शासनाच्या मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकल मिळते. तिचं गाव शाळेपासून पाच किलोमीटरवर आहे असं धरा. जाऊन-येऊन दहा. वर्षाचे शाळेचे दिवस २२०. आठवी ते बारावी पाच वर्षं. गुणाकार होतो ११ हजार किलोमीटर.

पृथ्वीच्या घेराच्या पाव भागाहून जास्त. आजच्या तीन टूर आणि वर काही. तेही गिअर नसलेल्या लोखंडी सायकलवर, पाठीला दप्तर, कॅरिअरवर कधी धाकटी बहीण, पावसाळ्यात मडगार्डमध्ये काळी माती, मार्च-एप्रिलात डोक्याला बांधलेली ओढणी. पायडलचा एक फेरा पाच मीटरचा धरला तर बावीस लाख फेरे. सायकल घरी आली तेव्हा पाय पुरत नाहीत म्हणून तिनं आधी दांडीखालून पाय घालून कैची शिकलेली असते. एका वर्गात अशा पस्तीस मुली असतील, तर बारावी होईपर्यंत त्यांचं एकत्रित अंतर ३ लाख ८५ हजार किलोमीटर भरतं. चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३ लाख ८४ हजार ४०० किलोमीटरवर आहे.

टूरच्या स्वारामागून संघाची गाडी धावत असते, दर काही किलोमीटरला पाणी आणि खाणं हातात मिळतं, रस्ता रिकामा करून दिलेला असतो. या मुलींच्या अंगाला घासून उसाचा ट्रॅक्टर जातो, वाळूचा ट्रक जातो, आणि त्या डांबर सोडून खाली उतरतात. डांबराची कडा आणि खालची जमीन यांच्यात वीतभर खड्डा असेल तर तिथेच पडतात. मला या विषयावर आकडे लिहावेसे वाटले ते मुख्यतः याच जागेसाठी.

पाच किलोमीटरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटरची सायकलपट्टी करायची तर १५ हजार चौरस मीटर जागा लागते, म्हणजे पावणेचार एकरांहून थोडी कमी. आमच्याच जिल्ह्यातून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जातो. सपाट भागात त्याचा पट्टा १२० मीटर रुंद आहे, आणि त्यावर सायकलच काय, मोटारसायकललाही परवानगी नाही. त्या पट्ट्याच्या एका किलोमीटरला सुमारे ३० एकर लागतात. तेवढ्या जागेत आठ शाळांच्या वाटा बसतात. गावरस्त्यांना तर बहुतेक ठिकाणी नवी जमीन घ्यायचीही गरज नाही. रस्त्याच्या हद्दीत कडेची जागा असते. तिथे मुरूम टाकून दाबायचा, डांबराच्या पातळीला आणायचा, बाभळीच्या फांद्या छाटायच्या आणि पावसाळ्यानंतर दरवर्षी एकदा भर घालायची. कुठल्या रस्त्यापासून सुरुवात करायची, हे ठरवायला सर्वेक्षणाचीही गरज नाही. सकाळी साडेदहाच्या सुमाराला शाळेच्या फाटकापाशी उभं राहायचं, सायकली कोणत्या रस्त्यानं सर्वांत जास्त येतात ते मोजायचं, आणि पहिला मुरूम त्या रस्त्यावर टाकायचा.